डोळे नसलेले शेजारी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत पंपाची मोटार दुरुस्त करून घेत उभा होतो. कारागीर काहीतरी विचारत होता, मला ऐकूच येईना. त्या फोनला दीड महिना झाला... पण वसंतावर लिहायचं तर आधी माझी चूक कबूल करायला हवी.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला वसंता बिद्रीकडच्या आमच्या गावी परतला आणि दर सोमवारी गावविहिरीत मलमलची पिशवी सोडू लागला. पिशवीच्या तळाला बाटली. एकदा त्यानं मला भिंगातून दाखवलं: तांदळाच्या कणीएवढा, पांढराफटक, डोळेच नसलेला जीव, झिंग्याचा कुणी दूरचा भाऊबंद. "खालच्या झऱ्यातनं आलाय ह्यो. उजेड कसा तो म्हाईत न्हाय त्याला." घरात पहिली नात आल्यासारखा वसंता खुलला होता.

मी तेव्हा पंचायतीत सदस्य. पाण्यात किडे आहेत, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. दुसऱ्याच दिवशी विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर ओतवली, नेहमीच्या तिप्पट. वर त्यालाच सांगायला गेलो, "पाणी साफ केलं की!"

तो म्हणाला, "प्यायचं पाणी टाकीत घिऊन पावडर टाकायची, लेका. खालचा झरा जिता हाय, हे ह्ये जीवच सांगत हुते."

तो भांडला नाही, तेच मला जास्त लागलं. पुढं त्यानं पाण्याची तपासणी करवून घेतली, काठावरच्या गोठ्याचं सांडपाणी वळवलं. सगळीकडे मी त्याच्या मागे, अपराध्यासारखा. तीन वर्षं पिशवी रिकामीच वर आली. "येतील. त्यास्नी घाई न्हाय," तो म्हणायचा. घाई मला होती. त्याच्या डोळ्यांदेखत ते परत यावेत, एवढंच मी मागत होतो. आले नाहीत.

परवाच्या सोमवारी शालिनीवहिनी, त्याची बायको, पिशवी घेऊन दारात हजर. "चला भाऊजी, वार चुकवायचा न्हाय." दोघांनी मिळून दोरी ओढली. वहिनींनी बाटली उन्हात धरली आणि तशाच थांबल्या. तळाच्या गाळात पांढरी कणी... चालत होती. एक नव्हे, दोन!

या वयात मी चारचौघांत ओक्साबोक्शी रडलो. म्हणालो, "घरी नेऊ, फोटोपुढं ठेवू."

"छ्या! त्येंनी कधी एक बी घरला आणला न्हाय. बघायचं आन् सोडायचं."

पायऱ्या उतरून त्यांनी बाटली पाण्यात हलकेच आडवी केली.

"अवो," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "आलं बघा."