उलटी वीज

पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात काम करणारी ताई मुळातच तापट. तांब्याची तार हातात असली की गप्प. तार खाली ठेवली की तोंड सुरू.

तिचा धाकटा भाऊ लाइनमन. वादळात गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरला वीज आणणारी तार तुटली, गल्लीतली वीज गेली. त्यानं स्वतः स्विच पाडला, खांबावर चढला आणि तुटकी तार धरताच खाली फेकला गेला. जीव वाचला, उजवा हात गेला.

वीज कंपनीचे साहेब दवाखान्यात आले, खाटेशेजारी उभे राहून म्हणाले, "निष्काळजीपणा. दुसरं काय?"

"लाइन बंद होती, साहेब," भाऊ पुटपुटला.

ताईचं डोकं सणकलं. चौकशी केली तेव्हा कळलं, गल्लीतल्या बेकरीवाल्यानं वीज गेल्यावर आपला मेन स्विच न पाडताच जनरेटर सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसला होता.

"अहो, माझा जनरेटर केवढासा! तो तिकडे खांबावर. माझी तार त्याला शिवली तरी का?" बेकरीवाला म्हणाला.

"शिवायला लागतच नाही!" ताई कडाडली. "ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एकमेकांना न जोडलेली. एकात वीज उलटसुलट धावली की दुसऱ्यात आपोआप उठते. वरून आली की घरापुरती कमी होते. खालून, घरातून घुसवली की तितक्याच पटीनं चढते. तुमच्या भट्टीचा पंखा फिरावा म्हणून माझ्या भावाचा हात जळला!"

"मला काय ठाऊक?" म्हणत तो पाव बांधायला लागला.

ताई साहेबांच्या ऑफिसात गेली. त्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. "तसंच झालं असणार," ते थंडपणे म्हणाले. "पण त्यानं आधी तार जमिनीला जोडून तिच्यातली वीज का नाही उतरवली?"

"जोडायची साखळी तुटलीय म्हणून तो कधीचा कानीकपाळी ओरडत होता! दिलीत तुम्ही नवी?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मग ताई रोज सकाळी बेकरीसमोर उभी राहू लागली. येईल त्या गिऱ्हाइकाला सगळी हकिकत सांगायची. शेवटी बेकरीवाल्यानं वैतागून जनरेटर आणि लाइन कधीच एकत्र जोडली जाणार नाहीत असा स्विच बसवून घेतला. माफी नाही मागितली. बिस्किटांचा पुडा पाठवला. ताईनं तो आल्या पावली परत धाडला. लाइनमनना नव्या साखळ्याही मिळाल्या, गुपचूप. 'निष्काळजीपणा' हा शब्द तेवढा कुणी मागे घेतला नाही.

"सोड ना, ताई," भाऊ डाव्या हातानं घास घेत म्हणाला.

"तू सोड. मी बरी सोडीन!" ती म्हणाली आणि चप्पल घालून पुन्हा साहेबांच्या ऑफिसकडे निघाली.