चौघींची नोंद

सर्वेक्षण कचेरीत तिला सगळे चिचुंद्रीमावशी म्हणत. चोवीस वर्षं ती टेकडीच्या उतारावर पत्र्याचे सापळे लावत होती. सापडलेलं जनावर तोलायचं, मोजायचं, सोडून द्यायचं. बोटभर लांबीच्या रानचिचुंद्रीला लोक उंदीर म्हणतात, हा मावशीचा जुना राग. उंदीर धान्य कुरतडतो. ही किडे-अळ्या खाते, आणि धरली तर बोटात दात रोवते. शिवाय हिला सतत भूक. तीन-चार तास पोटात काही गेलं नाही, की कारभार आटोपला! म्हणून मावशी दर दोन तासांनी फेरी मारायची, वाढलेलं ताट टाकूनसुद्धा. "सासूबाई, घरच्यांच्या आधी चिचुंद्र्यांची पंगत उठते तुमच्याकडे," सून म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

नवे साहेब आले आणि उंटावरून शेळ्या हाकू लागले. टेकडी त्यांनी खिडकीतूनच पाहिलेली. "सकाळ-संध्याकाळ बघितलं तरी पुरे, मावशी. मधल्या वेळात फायलींना क्रमांक घाला."

मंगळवारी मावशी दिवसभर क्रमांक घालत बसली. संध्याकाळी सापळे उघडले तर चार चिचुंद्र्या, चारही ताठ. एकीचे आचळ सुजलेले, भोवतालचे केस पिल्लांच्या चोखण्यानं झडलेले. म्हणजे बिळात पिल्लं होती. थोड्या दिवसांनी ती एकमेकांना शेपटीपाशी तोंडानं धरून आईमागून आगगाडीसारखी निघाली असती. मावशीनं दिसेनासं होईपर्यंत गवत पालथं घातलं. बीळ सापडलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग साहेबांचा होताच, पण त्याहून स्वतःचा. मान डोलावलीच कशी मी?

सकाळी साहेबांनी नोंदवही पुढं सरकवली. "फेऱ्या सात लिहा. नियमाप्रमाणं तेवढ्या लागतात."

"आणि या चौघी कशानं मेल्या लिहू?"

"घाबरून. चिचुंद्र्याच ना शेवटी?"

"साहेब, काल दुपारी जेवलात?"

"जेवलो की. का?"

मावशीनं पेन उचललं. फेऱ्या : दोन. पुढं कारणाच्या रकान्यात सावकाश लिहिलं : भुकेनं मेल्या. एक लेकुरवाळी होती. मधल्या फेऱ्या मारू दिल्या नाहीत. खाली सही ठोकली.

साहेब लाल झाले. "हे तुमच्यावरच शेकेल. सापळे तुम्ही लावले होते."

"मीच लावले. म्हणून सही केली," मावशीनं वही त्यांच्याकडं फिरवली. "आता तुम्ही करा."