मुदतीच्या आधी

"हे आजोबा दरवर्षी सगळ्यात आधी येऊन बसतात वं," दवाखान्याच्या काउंटरवरची बाई शेजारणीला हळूच म्हणाली. "आता ह्यायले ही नोटीस सांगणार कोण?"

मला ऐकू आलं, आजोबांना नाही. ते विम्याचं कार्ड आणि आधार मांडीवर घेऊन बसले होते. हातमागावर असताना जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपायच्या आत ते नव्या ताण्याची टोकं त्याला बांधून ठेवायचे. सरकारी विम्याचंही तसंच. नवं वर्ष लागायच्या आधीच सगळी तयारी. आठवड्यातून दोनदा होणारं त्यांचं डायलिसिस त्या कार्डावर चालायचं, आणि हुडकेश्वरचा हाच दवाखाना आम्हाला जवळ होता.

काचेवर इंग्रजीत नोटीस होती. दवाखान्यानं ती विमा योजना सोडली होती.

"काय लिहिलं हाय तिथं?" आजोबांनी मला विचारलं. "वाच ना वं. इंग्रजी शाळेत काहून टाकलं होतं तुले?" आणि स्वतःच हसले.

काउंटरवरची बाई माझ्याकडे पाहीना. मी नोटीस पुन्हा वाचली. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज नेहमीच अडतो. तरी मी मोठ्यानं सांगितलं.

"आजोबा, पुढच्या महिन्यापासून आपलं कार्ड इथं चालणार नाही. मग कुठं चालेल, ते लिहिलेलं नाही."