लीलाक्कांचा पाळणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बँडमधल्या मित्रांना तर नाहीच. कधी सांगायला बसलो की आधी त्या दिवसांच्या गमतीजमती सांगतो, लोक हसतात, आणि मग — मग कॉफी येते, विषय बदलतो. आज विषय बदलणार नाही. पण सुरुवात गमतीपासूनच करू द्या, मला दुसरीकडून शिरता येत नाही.

मी पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, मारतहळ्ळीत राहतो. आमचा चौघांचा बँड होता — माझी गिटार, कार्तिकची बासरी, एक कीबोर्ड आणि एक आफ्रिकी ढोल. जगभरचं संगीत एकत्र करायचं, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे आपापलं एकालाही धड येत नव्हतं. फ्लॅटमध्ये ढोल वाजला की सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा. म्हणून जुन्या पेठेतल्या एका घराची माडी भाड्याने घेतली. त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे लीलाक्का.

अक्का मराठीच, पण इथल्या. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. पहिल्याच रविवारी जिना चढून वर आल्या. "स्वल्प हळू वाजवा की रे. खाली माणसं राहतात," म्हणाल्या, आणि रागावून खाली जाण्याऐवजी उंबऱ्यातच बसल्या. थोड्या वेळाने विचारलं, "एवढी वाद्यं आणलीत, गाणारं कोण नाही?" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी एक पाळणा म्हटला. बारशाला म्हणायचा. त्यांच्या घरात तो सासूकडून सुनेकडे आलेला, मराठीत कानडी शब्द मिसळलेला, लांबलचक. त्यांची मुलगी पद्मा तो कधी शिकली नाही. आई आहे की म्हणायला, असं ती म्हणायची.

आम्हाला हवं होतं ते हेच होतं. पाळण्याखाली ढोल हलकेच, मध्ये बासरी, शेवटी माझी गिटार. रेकॉर्ड करायचं ठरलं, पण खिशात पैसे नव्हते. म्हटलं, लोकवर्गणी काढू. गणपतीची वर्गणी मागायची सवय होतीच. मी एक व्हिडिओ बनवला आणि त्यात अक्कांची पहिली ओळ घातली — फक्त पहिली. पुढचं ऐकायचं असेल तर वर्गणी द्या, ही शक्कल माझीच.

वर्गणी आली. सर्जापूर रोडच्या सोसायट्यांतून आली, मराठी मंडळींकडून आली, पेठेतल्या शिंप्यांनीसुद्धा दिली. आणि जो तो एकच विचारायचा — त्या अक्का कोण? गिटार कोण वाजवतं, हे एकानेही विचारलं नाही. मला लागलं का? तेव्हा विचारलं असतंत तर मी मोठ्याने हसून 'छे' म्हणालो असतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बांगड्यांवरून अडलं. माइकमध्ये किणकिण येत होती. काढा म्हटलं तर अक्का ऐकेनात. नवरा घरी बसलाय धडधाकट, बांगड्या कशाला काढू? शेवटी पद्माने दोन्ही मनगटांना टॉवेल गुंडाळला आणि अक्का तशाच, हात बांधल्यासारख्या, उभ्या राहून गायल्या. एका दमात. गाणं संपलं तरी रेकॉर्डिंगवाला बटण बंद करायला विसरला. त्यानंतर माझी गिटार. पंगत उठल्यावर कोशिंबीर वाढायला यावं, तशी ती वाटली.

कॉम्प्युटरचं कळणारा मी, म्हणून पुढची जुळवाजुळव माझ्याकडे. स्टुडिओवाला काही ठेवून घेत नसे. सगळं माझ्या लॅपटॉपवर आलं. मी ऐकत बसलो. मनाशी म्हटलं, अक्का लयीत जरा मागेपुढे होतात. होत होत्या का? कोण जाणे. मग म्हटलं, हे असलं मराठी पुण्यातले मित्र ऐकतील आणि टिंगल करतील. तीही भीती होती, नाही असं नाही. पण खरं — खरं सांगायचं तर मी जळत होतो. बँड माझा, धावपळ माझी, आणि लोकांनी ऐकायचं कुणाला? उंबऱ्यात बसलेल्या घरमालकिणीला?

मी बँडला सांगितलं की अक्कांची फाइल खराब झाली. उघडतच नाही. कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यावर कोण अविश्वास दाखवणार? कार्तिक म्हणाला, परत बोलावू. मी म्हटलं, वर्गणी संपली. संपली नव्हती.

अक्कांना सांगायला मीच गेलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे. यंत्र ते, त्याच्यावर काय रागवायचं? तू जेवलास का?" आणि मी जेवलो. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या हातचा भात, दोनदा मागून घेऊन.

पाळण्याच्या जागी बासरी आली, आणि माझी गिटार आधीपेक्षा लांबली. पहिल्यांदा सगळ्यांना ऐकवलं त्या कार्यक्रमाला अक्का ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्यासाठी वर्गणी दिलेली माणसं मागे कुजबुजत होती, अक्का कधी गाणार? ते मला स्टेजवर ऐकू येत होतं.

पुढे बँड मोडला. अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलायला गेल्या की नुसता वारा यायचा, शब्द नाही. मी भेटायला जात राहिलो. चांगला मुलगा म्हणून माझं त्या घरात नाव आहे.

मग पद्माला मुलगी झाली. बारशाला मला आग्रहाने बोलावलं. पाळणा सजवलेला, बायका जमलेल्या, घुगऱ्यांची पातेली तयार. आणि पाळणा कुणालाच येईना. पद्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, तुमच्याकडे आईचं काहीच उरलं नाही का? अर्धवट, खराब, कसलंही चालेल." तिचे डोळे भरले होते. फाइल घरी होती. तासाभरात आणली असती. खटपट करता करता उघडली, असंही म्हणता आलं असतं. एक खोटं आणखी, पण पाळणा तरी मिळाला असता. मी म्हणालो, "नाही गं. काहीच नाही."

तेव्हा पद्माने मोबाइलवर तो वर्गणीचा व्हिडिओ लावला. पहिली ओळ संपली की पुन्हा पहिली ओळ. अक्का पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ पुढच्या ओळी म्हणत होते, न थांबता, एकही न चुकता. कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. अक्का सोडल्या तर पुढच्या ओळी ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि मी घुगऱ्या खात उभा होतो.

त्या संध्याकाळी घरी आलो. वाटलं, उद्या पद्माने लॅपटॉप बघायला मागितला तर? कुणीच मागितला नव्हता, मागणारही नव्हतं. मी हेडफोन लावून पाळणा शेवटपर्यंत ऐकला. मग ती फाइल पुसून टाकली, आणि तिची दुसरी प्रत होती, तीही. तोपर्यंत अक्कांचा आवाज गमावला, हे मी सांगितलेलं खोटं होतं. त्या संध्याकाळी मी ते खरं केलं.