धान्यात ठेवलेले देव

आई भवानी संकटात धावून येते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ती आमच्यासाठी कशी धावून आली, ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. शस्त्रं घेतलेल्या टोळ्या हिंदूंची घरं लुटत गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा जालन्याकडच्या आष्टीजवळचं आमचं अर्धं गाव वऱ्हाडात पळालं. घर बंद राहणार असलं की आमच्याकडे देव धान्यात ठेवतात. मी भवानीचा आणि खंडोबाचा असे चांदीचे दोन टाक ज्वारीच्या डेऱ्यात पुरले आणि डेरा शेजारच्या जैनबचाचीच्या ओटीवर ठेवला. माझी दोन्ही बाळंतपणं याच बाईनं केलेली. तरी निघताना मी तिला म्हणाले, "चाची, आत हात घालू नका बरं. देवांना विटाळ व्हईल." तिनं नुसती मान हलवली.

राज्य गेलं आणि आम्ही परतलो, तर आता मुसलमानांची घरं जळालेली होती. जाळणारे आमच्याच आळीतले होते, त्यांत माझा सख्खा दीरही होता. चाचीची माणसं जीव घेऊन जालन्याकडे गेलेली. ती एकटी पडक्या भिंतीआड डेरा धरून बसली होती. अंगाची नुसती हाडं झालेली. मी आधी डेऱ्यात हात घालून टाक चाचपले, मग तिच्याकडे पाहिलं. खोटं कशाला लिहू?

"देव बराबर हायेत, पोरी," ती म्हणाली. "लुटाया आल्ते. मी म्हनले, ह्यात तुमचेच देव हायेत, मंग न्हाई शिवले. देवांना टाकून मी कुठं जाऊ?"

"अन् खाल्लं काय चाची तुम्ही?"

"रानातला तरोट्याचा पाला."

"डेराभर ज्वारी होती की जवळ!"

"तूच म्हन्ली व्हती ना, हात घालू नका म्हून."

तीच ज्वारी भरडून मी पातळ कण्या शिजवल्या आणि तिला मांडीवर घेऊन भरवल्या. दोन घास गेले, तिसरा गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचं एकही माणूस गावात उरलं नव्हतं. माझ्या मालकांनी एकट्यानं कबर खणली, दीर घराबाहेर आला नाही.

चाचीच्या हातून देवीनं आमची लाज राखली, हे मी नाकारत नाही. रोज तिचे उपकार मानते. तिच्यापुढे बसून मागणं मात्र मी सोडलं आहे; ठेवशील तशी राहीन, एवढंच म्हणते. माफी मागावीशी फार वाटते, पण जिची मागायची ती देव्हाऱ्यात नाही.