पोटाचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात. सेवेत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यातले काही तर गुन्हेगारांनीच माझा कंटाळा येऊन सांगून टाकले. पण ज्या तपासाबद्दल माझा सत्कार झाला, त्यातच मी सर्वांत मोठा गाढवपणा केला.

शिरूर कासार भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवाळी उलटली की हद्दीतल्या वस्त्या रिकाम्या होत. माणसे ऊसतोडीला जात, मागे म्हातारी आणि कुत्री राहत. त्या दिवसांत गुन्हे घटत, आणि मला वाटे, हा माझाच वचक.

एके सकाळी बीडच्या एका रुग्णालयातून फोन आला. सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णांचे काम पाहणारा आरोग्यमित्र बोलत होता.

"साहेब, तुमच्या हद्दीतले एक आबा आलेत. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन लागणार. पण मंजुरीच येईना. संगणक म्हणतोय, यांचं पित्ताशय मागच्याच वर्षी काढलंय."

"मग?"

"मग सोनोग्राफीत ते जागच्या जागी कसं दिसतंय?"

या योजनेत रुग्णाला खर्च नसतो. प्रत्येक ऑपरेशनमागे ठरलेली रक्कम सरकार रुग्णालयाला देते. कागदावरच्या ऑपरेशनलाही तेवढीच मिळते, हे कुणाच्या तरी ध्यानात आले होते. आबांचे जुने ऑपरेशन तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या नावावर होते.

आबांना ठाण्यात आणवले. सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे. समोरचा चहावाला आणि पंक्चरवाला यांना पंच म्हणून बोलावले आणि पोटाचा रीतसर पंचनामा केला. टाक्याची खूण नाही, दुर्बिणीच्या छिद्राची नाही. पंक्चरवाला वाकून पाहत म्हणाला, "ट्यूब कोरी हाय, साहेब. कुठंच पॅच न्हाई."

मग चौकशी.

"ऑपरेशन झालंय का तुमचं?"

"झालंय की."

"मग व्रण कुठंय?"

"भरून आला आसंल."

मी ताडले, म्हातारा सामील आहे. दोन तास आवाज चढवला. शेवटी टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा पेला माझ्याच मांडीवर कलंडला. आमचे जमादार शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी पँट बदलून या."

बदलून आलो तर दोघांच्या मध्ये जमादारांचा डबा उघडा आणि आबा घडाघडा बोलत होते. जमादारांनी एकच प्रश्न विचारला होता, "आबा, जेवलात का?"

"शिबिराची गाडी आलती," आबा सांगत होते. "पाच दिस ठिवलं. पोटाला नुस्ती पट्टी चिकटवली अन् फोटो काढला. तिथली नर्स पोरगी रोज सकाळी इचारायची, आबा, झोप लागली का? म्या तोंड उघडलं तर तिची नोकरी जाईल."

"खोटं चाललंय हे कळत नव्हतं?" मी विचारले.

"कळत हुतं की. पर घरी जाऊन काय करू? वस्तीवर कोन हाय?"

मी जबाब लिहून घ्यायला लागलो.

धागा हाती लागला. दवाखान्याने योजनेकडे पाठवलेले फोटो मागवले. रुग्ण वेगवेगळे, पण प्रत्येकाखाली मोराच्या नक्षीची तीच चादर. ती नर्स स्वतः होऊन साक्षीला आली. डॉक्टर आणि गाडीवाला दलाल यांना अटक झाली. मला शाल आणि नारळ मिळाला.

आता माझा पराक्रम. ज्यावर खोटे ऑपरेशन दाखवले होते, ते आबांचे मूळ रेशनकार्ड हा महत्त्वाचा पुरावा. ते मी लाखेचे सील मारून मुद्देमालात जमा केले. सील फार सुबक बसले होते.

पुढच्या बाजारच्या दिवशी आबा ठाण्यात येऊन बाकावर बसले.

"काय काम काढलं?"

"काई न्हाई. सहज आलतो."

मी चहा पाजला, खटल्यातली माझी कामगिरी थोडी वाढवून सांगितली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कुशीवर हात दाबून ते ऐकत होते. मला वाटले, माणूस भारावला आहे. तिसऱ्या खेपेला त्यांना बाकावरून उठता येईना.

जमादार खाली बसले. "आबा, लई दुखतंय का?"

"कार्ड पायजे हुतं. त्याच्याबिगर दवाखान्यात घेईनात."

"मग दोन खेपा गप कावून बसलात?"

"साहेब बोलत हुते."

सील माझे, पण ते तोडायला न्यायालयाची परवानगी हवी. अर्ज घेऊन धावलो. न्यायाधीशांनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिले. "कार्डाची साक्षांकित प्रत ठेवून मूळ परत देता येतं, हे आपल्याला माहीत नव्हतं?" मी छताकडे पाहिले. कार्ड सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सोडवले, जुनी नोंद खोटी असल्याचे पत्र योजनेच्या कार्यालयाला धाडले आणि आबांना जीपमध्ये घालून बीड गाठले. पित्ताशयात पू धरला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर माझ्याकडे सुबक सील आणि बेवारस कार्ड उरले असते.

संमतीपत्रावर नातेवाइकाची सही हवी होती. दोन्ही मुले उसाच्या फडात, फोन बंद. मी सही केली. पुढे रकाना होता, 'नाते'. बराच विचार करून लिहिले, 'पोलीस निरीक्षक'.

दुसऱ्या दिवशी योजनेसाठी आबांचा फोटो काढला. ते पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "या बारीला खरं हाय न्हवं, साहेब?"

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की, योजनेत हजार आजारांचे दर ठरलेले असतात, 'झोप लागली का' याचा दर नसतो. ती मोकळी जागा लबाडांना आधी दिसते. आम्हाला ती टेबल आपटून दिसत नाही.

आता मी बीडमध्ये एकटा असतो. पत्नी गेली, मुलगा परदेशात, रविवारी फोन करतो. मागच्या वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. विम्याचे कार्ड होते, खोली छान होती. फक्त संमतीपत्रावर सही करायला माणूस नव्हता. शेवटी निवृत्त जमादारांना फोन केला. ते केजहून पहिल्या एसटीने डबा घेऊन आले आणि 'नाते' या रकान्यात लिहिले, 'जमादार'.

नर्स म्हणाली, "काका, हे नातं नसतं."

"आमच्यात असतंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "साहेब, जेवलात का?"

"ऑपरेशनआधी उपाशी ठेवलंय."

"मग मी बी थांबतो," म्हणत त्यांनी डबा परत पिशवीत ठेवला.