इस्त्री केलेला पुरावा

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पक्षकार चपला बाहेर काढून आत येतात आणि किस्से आपोआप टेबलावर साचत जातात. लग्नाला चार महिने झालेत माझ्या. धाराशिवच्या कोर्टासमोर कादरी मॅडमच्या ऑफिसात मी टायपिंग करते. माझ्याकडं फारसं कुणी बघत नाही, त्यामुळं ऐकायला बरं पडतं.

हे सगळे किस्से एकाच केसचे, बेंबळीच्या सुनंदाताईंचे. नवरा मारायचा. ताईंचं मागणं एवढंच, की त्यानं हात उचलायचा नाही आणि लेकीला घेऊन त्यांना त्याच घरात राहू द्यायचं. त्यासाठी हवा होता पुरावा.

*

मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशीची कापडं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ताई पिशवी घेऊन हजर. ब्लाऊजची फाटलेली बाही शिवलेली, रक्ताचा डाग घासून काढलेला, वर कडक इस्त्री!

मॅडमनी कपाळाला हात लावला.

"कोर्टात मळकी कापडं कशी न्यायची वो?" ताई म्हणाल्या. "साहेब काय म्हणतील?"

*

मग फोटो. डोळा सुजला होता तेव्हा भावजयीनं तिच्या मोबाईलवर काढलेले. उघडून बघतो तर सूज गायब, गाल गुळगुळीत, रंग उजळ. फोनचा ब्यूटी मोड चालू!

"सुनंदा, हे बघून तर तुला स्थळं येतील!" मॅडम म्हणाल्या.

ताई पदर तोंडाला लावून लई हसल्या. ऑफिसात त्या हसल्या, त्या एवढ्या एकदाच.

*

दवाखान्याचे कागद तीन. तिन्हींवर कारण एकच, 'घरात घसरून पडल्या.'

"असं का सांगितलंस गं?"

"सासूबाई शेजारीच हुत्या. त्यांच्यासमोर त्यांच्या पोराचं नाव कसं घ्यायचं?"

मॅडमनी कागद ओळीनं मांडले, पुन्हा वाचले आणि मला म्हणाल्या, "टाईप कर. बाई तीनदा घसरली, तिन्ही वेळा डाव्याच डोळ्यावर!"

*

ऑफिसची सवय घरी येते. परवा ह्यांच्या हातून कप निसटून फुटला. झाडू आणायच्या आधी मी मोबाईलवर फोटो काढला!

"कुणाला पाठवायचाय?" ह्यांनी विचारलं.

मग ह्यांनीच झाडू घेतला आणि काचा भरल्या.

*

शेवटी कोर्टात नवऱ्याच्या बाजूनं शेजारच्या मावशी साक्षीला आल्या. दोन्ही घरांची भिंत एकच. म्हणजे मावशी 'न्हाय' म्हणाल्या की आमची केस पातळ. ताई बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "मारहाणीचा आवाज कधी ऐकलात?"

"न्हाय जी. कदीच न्हाय."

वकील समाधानानं खाली बसले. मॅडम उठल्या.

"मावशी, भिंत एकच आहे. तरी कधीच ऐकू आलं नाही?"

"ऐकू यील कसं? त्यो सुरू झाला की म्या टीव्हीचा आवाज वाढवायची."

कोर्टाच्या टायपिस्टचे हात थांबले. जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

"असं किती वेळा झालं, बाई?"

"आता कोण मोजतंय, साहेब!" मावशी म्हणाल्या. "पर रिमोटचं त्ये आवाज वाढवायचं बटण पार झिजलंय बगा."